पाचवा प्रवासी

मराठी माणूस कशाकशावरून घसरतो याचा एकदा हिशेब मांडला पाहिजे. त्याची जीभ घसरते, पाय घसरतो, मुलाचे गणितातले मार्क घसरतात, सोन्याचा भाव घसरतो (हा मात्र आपण मोडायला काढल्यावरच), आणि क्वचित आगगाडीही रुळावरून घसरते. या सगळ्या घसरण्यांत एक गंमत आहे. शाळेत मास्तरांनी सकर्मक आणि अकर्मक क्रियापदं छड्या मारून शिकवली, तेव्हा त्यांचा पुढे उपयोग काय हे काही कळलं नव्हतं. आता कळतं. आपल्याला जे जमतं ते सकर्मक आणि जे फसतं ते अकर्मक. "मी गाडी घेतली, मी गाडी काढली, मी अडीच तासांत नांदेडहून लातूरला आणली," इथपर्यंत 'मी' कसा छाती काढून उभा असतो! आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "चाकूरच्या अलीकडे गाडी घसरली." गाडी घसरली! जशी काही ती एकटीच माहेरी निघाली होती आणि हे गृहस्थ वाटेत भेटले म्हणून बसले.

मी स्वतः गाडी चालवत नाही. त्यामुळे गाडी चालवण्याबद्दल मला पुष्कळ कळतं. शेजारच्या सीटवर बसून चाळीस वर्षांत जे शिक्षण होतं, ते स्टिअरिंगमागे बसणाऱ्याला मिळत नाही, कारण त्याला समोर बघावं लागतं.

तर आमच्या मराठवाड्यात गाडी घसरण्याचं मुख्य साधन म्हणजे काळी माती. या मातीबद्दल भूगोलाच्या पुस्तकात फार चांगलं लिहिलेलं असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस आला, त्याचा कातळ झाला, कातळाची झीज होऊन माती झाली, ती ओल धरून ठेवते, कापसाला चांगली, वगैरे. मात्र ही माती डांबरावर आली म्हणजे काय होतं, हे त्या पुस्तकात नसतं. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार असतो. (फ्रान्समधल्या माँमोरियाँ गावावरून हे नाव पडलं. आमच्या लोह्या-अहमदपूरच्या चिखलाला फ्रान्समधल्या गावाचं नाव असावं, हा सन्मान त्या गावाला माहीत नसणार.) या मातीचे कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक पापुद्रे. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ती फुगते, उन्हाळ्यात पाणी गेलं की आक्रसते आणि जमिनीला अशा भेगा पडतात की त्यांत शेळीच्या करडाचा पाय अडकावा. ओली असताना मात्र तिचा स्वभाव दुहेरी. चप्पल घालून शेतात जा, चार पावलांत चपलेखाली किलोभर माती चढते आणि सोडत नाही. तीच माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी सडकेवर आणून टाकली आणि वर मृगाची एक सर आली, की ती कुणालाच धरत नाही. शेतात चिकटते आणि रस्त्यावर निसटते. असे काही नातेवाईकही असतात, पण तो वेगळा लेख आहे.

त्यात आम्हाला सराव नाही. कोकणातला माणूस चार महिने ओल्यातच वावरतो, त्याला ओल्या रस्त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे पावसाची वाट बघण्यात जितके दिवस जातात तितके पावसात जात नाहीत. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं होतं, हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. जिथे पाणी तिकीट काढून येतं, तिथल्या माणसाने ओल्या रस्त्यावर गाडी चालवायचा अभ्यास कधी करावा? पहिला पाऊस आला की आम्ही काचा खाली करतो, मातीचा वास घेतो, "आला बाबा एकदाचा" म्हणून हात जोडतो, आणि नेमका तेव्हाच एक हात स्टिअरिंगवर कमी असतो. पहिला पाऊसच सगळ्यांत निसरडा, हेही कुणी सांगत नाही. आठ महिन्यांची धूळ, गळालेलं ऑइल आणि टायरचा घासलेला रबर डांबरावर साचलेला असतो, पहिली सर त्याचा लेप करते. चांगला तासभर कोसळला तर निदान रस्ता धुऊन तरी निघतो. पण आमचा पाऊस बहुधा लेप करून पुढच्या तालुक्यात जातो.

नांदेड-लातूर रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून ओळखला जातो. तुळजापूरहून निघतो, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. पूर्वी त्याला एवढा मान नव्हता. मधोमध एक डांबराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना साइडपट्टी नावाची मातीची झालर. समोरून गाडी आली की दोघांनी आपापली डावीकडची चाकं साइडपट्टीवर उतरवायची, असा शिष्टाचार. आधी कोण उतरणार हा प्रश्न असे. लखनौचे नवाब 'पहले आप' म्हणत, आमच्याकडेही 'पहले आप'च, पण हेडलाइट पेटवून. समोर ट्रक असला तर प्रश्न सुटलेला असे. आणि जून महिन्यात त्या साइडपट्टीवर चाक उतरवणं म्हणजे साबणाच्या वडीवर पाय ठेवणं.

घसरगुंडीचं शास्त्र मला नांदेडच्या एका सरदारजी मेकॅनिकने समजावलं. गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण १७०८मध्ये नांदेडला झालं, तेव्हापासून हे गाव शीख बांधवांचं. तिथल्या कुठल्याही गॅरेजात जरा बसलात, की एखादा तरी असा वृद्ध सरदारजी भेटतोच, की ज्याने ट्रकवर काश्मीर ते कन्याकुमारी पालथं घातलेलं असतं. मी ज्यांच्याकडे बसलो होतो ते दाढीला ग्रीस लागू न देता इंजिन उघडत. मी विचारलं, "सरदारजी, गाडी घसरायला लागली तर काय करावं?"

"आप क्या करेंगे?"

"ब्रेक मारीन."

"सब वही करते हैं," ते म्हणाले, "इसलिए मेरा गॅरेज चलता है."

मग त्यांनी पान्याने जमिनीवर आकृती काढून दाखवली. चाक जोवर फिरतं आहे तोवर ते वळवता येतं. ब्रेक करकचून दाबला आणि चाक अडकलं, की ते चाक राहत नाही, पाटा होतो. पाट्याला उजवं-डावं कळत नाही. "गाडी जिधर जाना चाहती है ना साहब, थोडा उधर जाने दो. फिर वो आपकी सुनेगी." म्हणजे गाडीची शेपूट उजवीकडे पळाली तर स्टिअरिंग उजवीकडेच द्यायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा, क्लच-ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आणि गाडी सरळ झाली की लगेच स्टिअरिंग सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला पळते. पुढची चाकं घसरली असली, म्हणजे आपण वळवतो आहोत आणि ती सरळच निघाली आहे असं झालं, तर आणखी वळवायचं नाही, उलट जरा सैल सोडायचं, म्हणजे टायरला जमीन सापडते. आताच्या गाड्यांना एबीएस असतं, एप्रिल २०१९पासून ते नव्या मोटारींना सक्तीचं आहे. त्यात ब्रेक जोरात दाबून धरला तरी यंत्र स्वतःच तो क्षणाक्षणाला सोडतं, चाक अडकू देत नाही, आणि तुम्हाला वळवायला मोकळीक राहते. पण यंत्रानेही टायर आणि जमीन यांच्यामधला चिखल काढून टाकता येत नाही. साठच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर वीस मीटरमध्ये थांबत असेल, तर ओल्या मातीवर तिला साठ-सत्तर मीटर लागतात, आणि वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होतं. हे गणित मार्क घसरलेल्या मुलालाही करता येईल.

मार्कांवरून आठवलं. आमच्या लातूरला शिक्षणाचा एक पॅटर्न आहे, त्याची कीर्ती सर्वत्र आहे. तिथे चाचणी परीक्षेत पोराचे मार्क जरा घसरले की आई, वडील, चुलते आणि क्लासचे सर एकाच वेळी ब्रेकवर उभे राहतात. क्रिकेट बंद, टीव्ही बंद, मित्र बंद. मग चाक अडकतं. त्या सरदारजींना एकदा तिथल्या पालकसभेत बोलवावं असं मला फार वाटतं.

आता दाजींची गोष्ट सांगायला हवी. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या अक्काचे यजमान. १९८८च्या जूनमध्ये त्यांची गाडी माळेगावच्या अलीकडे घसरली. माळेगाव म्हणजे खंडोबाच्या यात्रेचं, घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजाराचं. गाडी फियाट. (हे तिचं माहेरचं नाव, सासरचं प्रीमियर पद्मिनी.) टायर चारही गोटा झालेले. इतके गुळगुळीत, की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. दाजींना हे माहीत होतं. दिवाळीनंतर टायर बदलायचे असं ते त्याआधीच्या तीन दिवाळ्यांपासून म्हणत होते. समोरून ट्रक आला, दाजींनी शिष्टाचाराप्रमाणे डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली, गाडीची शेपूट फिरली, गाडीने गिरकी घेतली आणि ती रस्त्याच्या खाली एका शेतात नांदेडऐवजी लातूरकडे तोंड करून शांतपणे उभी राहिली. अक्काच्या मांडीवर तुपाचा डबा होता, त्यातलं थेंबभर तूप सांडलं नाही. शेतकरी धावत आला, म्हणाला, "काय हो, आमच्या रानात गाडी लावायलाव व्हय?" मग त्याने बैल जुंपून गाडी काढून दिली आणि चहा पाजला.

ही गोष्ट आमच्या घरात गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी हशा होतो. मी ती निदान पन्नास वेळा ऐकली असेल, म्हणून तिच्यात काय काय फरक पडत गेला याचा मी अधिकारी साक्षीदार आहे. पहिल्या वर्षी दाजी सांगत, "मी डोळे मिटले आणि खंडोबाचं नाव घेतलं." चार-पाच वर्षांनी खंडोबा राहिला, पण डोळे उघडले. पुढे "मी ब्रेकवरून पाय काढला" हे वाक्य आलं. नव्या शतकात टीव्हीवर मोटारींच्या शर्यती दिसू लागल्या, तेव्हापासून दाजी दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "तिथं काउंटर दिला, म्हणून वाचलो." खंडोबाला रजा मिळाली. गोटा टायरांचा उल्लेख कधी गळाला ते मला सांगता येणार नाही, पण आताच्या आवृत्तीत ते नाहीत. नशिबाने मिळालेली गोष्ट काही वर्षं नीट मुरत ठेवली की तिचं कौशल्य होतं. लोणच्यासारखं.

आमच्या आळीत एक बँकेतले गृहस्थ होते. १९९१ साली, अशाच पहिल्या पावसात, अशाच साइडपट्टीवर त्यांची मारुती घसरली. टायर दाजींच्या टायरांपेक्षा कितीतरी बरे होते, वेग चाळिशीच्या आत होता. माणूसच तसा, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. गाडी फार नव्हे, पाच-सहा हात सरकली. तिथे सायकलला दुधाच्या किटल्या लावून एक जण चालला होता. तो चार दिवसांनी दवाखान्यात गेला. कोर्टात केस चालली, हे निर्दोष सुटले. त्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही, आणि त्या दूधवाल्याचा मुलगा नोकरीला लागेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे एसटीने त्याच्या गावी जाऊन येत. आम्ही सगळे त्यांना सांगायचो, "अहो, तुमची काय चूक? रस्ता तसा, पाऊस तसा. गाडी घसरली." ते म्हणायचे, "चूक नव्हती हो. पण गाडी मी चालवत होतो."

दाजी आणि हे गृहस्थ, यांच्यात अधिक दोषी कोण? हा प्रश्न मी बऱ्याच जणांना घालून पाहिला. पहिल्या झटक्याला कुणीही दाजी म्हणत नाही. मग टायरांचं सांगितलं की माणसं गप्प होतात आणि पानाचा डबा मागतात.

हा प्रश्न मलाच पहिल्यांदा पडला असं नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स हा इंग्रज आणि टॉमस नेगेल हा अमेरिकन, या दोघा तत्त्वज्ञांनी याच विषयावर एकाच नावाचे दोन निबंध लिहिले. 'मॉरल लक' असं नाव. आपण नैतिक नशीब म्हणू. दोघांच्याही लिखाणात एक लॉरीचा ड्रायव्हर येतो आणि त्याच्या गाडीखाली एक मूल सापडतं. विल्यम्सचं म्हणणं असं, की ड्रायव्हरचा काही दोष नसला तरी त्याला जे वाटेल ते रस्त्यावरच्या बघ्यांना वाटणार नाही. आपण त्याची समजूत घालू, पण ती जर त्याला फार लवकर पटली तर आपल्यालाच तो माणूस कसासाच वाटेल. नेगेल आणखी पुढे जातो. समजा, त्याने ब्रेक तपासून घ्यायला आळस केला होता. मूल आडवं आलं तर हा जन्मभर स्वतःला दोष देणार, आणि मूल आडवं आलंच नाही तर तोच आळस कुणाच्या खिजगणतीत नाही. आळस तोच, ब्रेक तेच. कांटसाहेबांना हे मुळीच पटलं नसतं. त्यांच्या मते माणसाचं मोल त्याच्या संकल्पावरून ठरतं, पुढे काय घडलं त्यावरून नव्हे. पण कांटसाहेब जन्मभर कोनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासच राहिले आणि रोज ठरल्या वेळी पायी फिरायला जात. साइडपट्टी त्यांच्या आयुष्यात आली नाही.

कायदा या बाबतीत कांटच्या बाजूचा नाही. जुन्या दंड संहितेत बेदरकार गाडी चालवण्याला कलम २७९, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. त्याच चालवण्यात माणूस दगावला तर ३०४-अ, दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ही कलमं २८१ आणि १०६ झाली आणि दुसऱ्यातली शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. म्हणजे निष्काळजीपणा किती हे तर कायदा बघतोच, पण समोर कोण होतं हेही मोजतो. मला याचा राग येत नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना संकल्पाची शुद्धता सांगून भागत नाही.

आपल्याकडे गीतेने अठराव्या अध्यायात हे फार व्यवहारी पद्धतीने सांगून ठेवलं आहे. कुठल्याही कर्माला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आता हे गाडीला लावून बघा. अधिष्ठान म्हणजे रस्ता. कर्ता म्हणजे दाजी. करण म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक आणि ते गोटा टायर. चेष्टा म्हणजे हालचाली, पण मागच्या सीटवर मराठी नातेवाईक बसले असतील तर मराठीतली चेष्टाही धरायला हरकत नाही. आणि पाचवं दैव. फियाटमध्ये चौघं ऐसपैस बसतात, पाचवा हा असा दाटीवाटीने बसलेला असतो. तो भाडं देत नाही, बोलत नाही, कुठे उतरणार ते सांगत नाही. पण तो पाचवा आहे, पहिला नव्हे, हे गीतेने मोजून सांगितलं आहे. आपण उलट करतो. टायरचे पैसे वाचवायचे आणि ते दैवाच्या खात्यावर मांडायचे. तिसऱ्याची उधारी पाचव्याने फेडायची. ती तो पुष्कळदा फेडतोही, हीच सगळी भानगड आहे. दर वेळी फेडली नसती तर आपण कधीच शहाणे झालो असतो. आणि फेडायला तो कधी कधी भलत्याच माणसाकडून पैसे घेतो, किटल्या लावून सायकलवर चाललेल्या.

माझं मत विचाराल तर घसरण्याच्या क्षणी दोघांचीही कसोटी नव्हती. तेव्हा काय करायचं ते सरदारजींचं शास्त्र आहे, आणि ते ज्याच्या हातात मुरलं असेल त्याच्याच उपयोगी पडतं. दोन सेकंदांत कुणी नीतिमान होत नाही. कसोटी होती ती आधीच्या तीन दिवाळ्यांत. आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत, म्हणजे आपण जे निभावलो त्याला काय नाव दिलं त्यात. बँकेतल्या गृहस्थांनी दोष नसताना हिशेब उघडा ठेवला. दाजींनी दोष असताना तो हशा पिकवून मिटवला, असं मी बरीच वर्षं मनाशी धरून होतो.

मागच्या मे महिन्यात लातूरला अक्काच्या नातवाचं लग्न झालं. मांडवात जेवणं उरकत आली होती, पोरांनी धरलं, "आबा, ती शेतातली गोष्ट." दाजी आता ऐंशीच्या घरात आहेत, पण हात हवेत गेले, ट्रक आला, काउंटर दिला, गिरकी झाली, तूप सांडलं नाही, बैल जुंपले, चहा झाला. सगळे हसले. अक्काची पाच-सहा वर्षांची पणती पुढ्यात बसली होती, ती हसली नाही. तिने विचारलं, "आबा, तिथं रस्त्यावर कुणी असतं तर?"

दाजींचे हात खाली आले. ते जरा वेळ पानातल्या जिलेबीकडे बघत बसले.

"होता की एक जण," ते म्हणाले. "म्हातारा होता, शेळ्या घेऊन चालला होता. गाडी फिरली ती त्याच्या अलीकडनं निसटली. ह्या तिथल्या खांबाएवढ्या अंतरावरनं. पलीकडनंही जाऊ शकली असती. मी काही केलं नव्हतं, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तो उभाच होता, माझ्याकडे बघत."

मांडवात कुणी काही बोललं नाही. अक्काच्या हातात जिलेबीचं ताट तसंच राहिलं.

"मला कधी बोलला नाहीत हो," अक्का म्हणाली.

"तू तुपाचा डबा धरून बसली होतीस," दाजी म्हणाले.